अठरा आणि तेवीस

मी त्याला ओळखलं नाही, ही खरी गोष्ट. वहिनीचं औषध आणायला बाहेर पडले होते आणि नेहमीसारखी बागेतून आडवी गेले. बागेच्या मधोमध काहीतरी तांबडं उभं होतं. मला वाटलं, पाण्याची नवी टाकी आणून ठेवली असेल. बसवतील पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. पाच-सहा पावलं गेल्यावर चाकं दिसली. जिना संपलेला असतो, पण आपल्याला वाटतं अजून एक पायरी आहे, तेव्हा पाय जसा हिसकतो तसं झालं. ते इंजिन होतं. इतकी वर्षं काळं असलेलं इंजिन खरवडून, गंज काढून, त्याला गंजरोधक रंगाचा तांबडा हात दिला होता. बांगड्या उतरवलेल्या मनगटासारख्या त्याच्या कडा उघड्या पडल्या होत्या. नंबराच्या पाट्या, दिवे, पितळी कठडे, सगळं काढून बाजूच्या ताडपत्रीवर मांडलेलं. आणि मी टाकी समजून पुढे चालले होते, सख्ख्या भावाच्या शेजारून अनोळखी माणसासारखं निघून जावं तशी. मागोमाग दुसरा विचार आला, तो पहिल्याहून वाईट होता. ओळखायचं म्हणजे काय? पाटी काढल्यावर मी त्याला कधी तरी ओळखत होते का?

हे इंजिन म्हणजे आमच्या शहराचं लढाईचं स्मारक. लढाईच्या शेवटच्या वर्षी जखमी शिपायांची गाडी पुलावरून येत असताना मागून विमान आलं आणि त्यानं इंजिनावर गोळ्या झाडल्या. ड्रायव्हर आणि कोळसा टाकणारा फायरमन दोघंही गेले. ड्रायव्हरनं मरता मरता गाडी पुलाच्या अलीकडे आणून उभी केली, म्हणून आतली माणसं वाचली. चौथऱ्यावरच्या दगडात हे सगळं कोरलेलं आहे. ड्रायव्हरबद्दल चार ओळी आहेत. फायरमनचं नुसतं नाव आहे. तो माझा दादा. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, वहिनी बावीसची, आणि मी सतरा वर्षांची, त्याच्याच रेल्वे शेडमध्ये इंजिनं पुसणाऱ्या बायकांतली सगळ्यात धाकटी. पुरुष लढाईवर गेले म्हणून शेडनं बायका घेतल्या होत्या. फोरमन सुरुवातीला म्हणायचा, "स्वैपाकघरातली कढई आणि हे, फरक एवढाच की याच्यात तुम्ही सगळ्या मावाल." महिन्याभरात त्याचं तोंड बंद झालं, कारण आम्ही पुसलेल्या इंजिनात त्याला स्वतःचं टक्कल दिसायला लागलं.

"आजी, हात नका लावू, रंग ओला आहे," वरून कोणीतरी म्हणालं. बॉयलरवर पाय दोन्हीकडे टाकून एक मिस्त्री बसला होता, घोड्यावर बसावं तसा.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून हात लावतेय मी याला."

"तेव्हा ओला नसेल." तो खाली उतरला, माझ्याकडे नीट पाहिलं. "शेडमधल्या आजी त्या तुम्हीच ना? स्मारक समितीच्या बाई तुम्हाला शोधतायत. दोनदा घरी येऊन गेल्या म्हणे, दार उघडलं नाही कोणी."

"एक घरात नसते, दुसरीला उठता येत नाही. कोण उघडणार?"

"म्हणजे बाई तिसऱ्यांदाही बाहेरच उभ्या राहतील," म्हणून तो हसला. मग चाकांजवळ उकिडवा बसला आणि मला बोलावलं. चाकांना एकमेकांशी जोडणारा तो लांब, जाड दांडा त्यानं चकचकीत घासला होता. दांड्याच्या टोकाला, तेल घालायच्या भोकाखाली, लोखंडात दोन आकडे ठोकलेले होते. मी चष्मा वर केला, खाली केला. दोन आणि तीन. तेवीस. "चारही दांड्यांवर हेच," मिस्त्री म्हणाला. "आणि पाटी म्हणते अठरा. आता दांडे काय, शेडमध्ये याचे त्याला लावायचे. पण चारच्या चार? म्हणून मी बाईंना सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, कामच थांबलंय."

कानात हवा भरल्यासारखं झालं होतं. तेवीस हा आकडा मी बासष्ट वर्षं कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, माझ्याही नाही. रोजच्या व्यवहारात तो येतोच, बसचा नंबर असतो, तारीख असते. त्या तेविसाचं काही नाही. हा दुसरा तेवीस होता, शेडमधला, नुसता 'तेवीस' म्हटलं की ज्याला पाणी लागायचं, वाळू लागायची, ज्याची शिट्टी जराशी घोगरी होती. अठरा आणि तेवीस एकाच कारखान्यातून एकाच खेपेला आलेली, एका मापाची. दादा म्हणायचा, आपलं अठरा चढाला कुरकुरतं, तेवीस उताराला. मला दोन्ही सारखीच कुरकुरताना ऐकू यायची. तो म्हणायचा, "तुला कळणार नाही. तू बाहेरून पुसतेस."

समितीच्या बाई तेवढ्यात आल्याच. रीतीच्या, गोड बोलणाऱ्या. छापलेला कागद पिशवीतून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. शेडमध्ये त्या वेळी काम करणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही, शेडचे कागद लढाईनंतरच्या आगीत गेले, तेव्हा तुमचाच शब्द शेवटचा, असं त्यांनी सांगितलं. कागदावर एकच वाक्य होतं: 'हे इंजिन क्रमांक ..... हेच असल्याचे मी पूर्ण खात्रीने सांगते.' खाली सहीची जागा.

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर मग..." त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीनं बुटांकडे. "मग खोटं स्मारक ठेवता येत नाही ना, आजी. इंजिन यंत्रांच्या संग्रहालयात जाईल, चौथरा काढतील. नावांचं काय करायचं ते पुढे बघू. पण तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर रोज पुसत होतात त्याला! बघितल्याबरोबर ओळखलं असेल."

मी औषध न घेताच घरी आले. जिन्यात आठवलं, परत गेले, औषध घेऊन आले. वहिनी खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती. "वन्सं, इतका वेळ? दुकान हलवलं की काय कुठे?" ती मला अजून 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते. साठ वर्षं एका घरात राहिलो, मी शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, तिनं शिवणाची यंत्रं चालवली, दोघींनी मिळून एका माणसाइतकं कमावलं आणि दोन माणसांसारखं भांडलो, पण 'तू'वर ती कधी आली नाही. मी तिला गोळी दिली, पाणी दिलं, कागद माझ्या खोलीत नेला आणि उशीखाली ठेवला. मग उशीवर बसले. कागद काही पळून जाणार नव्हता. तरी बसले.

पाट्या मी लावल्या होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे की नाही हेच मला कळलेलं नाही. दादा गेल्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर गेले, कारण घरात वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती आणि तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं. शेडमध्ये धांदल होती. कोणी मोठा अधिकारी पुलावरचं ते शूर इंजिन बघायला दुसऱ्या दिवशी येणार होता. गोळ्या ड्रायव्हरच्या खोलीच्या छतातून आणि मागच्या कोळशाच्या डब्यातून गेल्या होत्या, म्हणून अठराचं छत आणि डबा काढून ठिगळं लावायला नेले होते. शेजारच्या रुळावर तेवीस होतं, तेही दुरुस्तीला आलेलं, तेही बोडकं, तेही डब्याशिवाय. अशा बोडक्या इंजिनांना आम्ही बायका जेवणाच्या सुट्टीत विधवा म्हणायचो, मागच्याच आठवड्यात दुसऱ्या दोघींना म्हटलं होतं. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. विमानांना चमक दिसू नये म्हणून सगळ्या पितळी पाट्यांना डांबर फासलेलं असायचं. फोरमननं हुकूम सोडला, अधिकारी ज्या रांगेतून जाणार तिथल्या सगळ्या पाट्या काढा, डांबर उतरवा, चमकवा, संध्याकाळच्या आत परत लावा. मला एकटीला बसून करायचं काम दिलं. त्याला वाटलं, पोरीला बरं पडेल. अठराच्या दोन, तेवीसच्या दोन, अशा चार पाट्या मी रॉकेलच्या घमेल्यात भिजत घातल्या.

त्याच सकाळी अठरा धुतलं होतं. नळीच्या पाण्यानं, आतून बाहेरून, दुसऱ्यांदा. धुण्याचं पाणी खालच्या राखेत मुरलेलं, राख काळी चिकट झालेली. मला त्या पाण्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी ते नीट बघितलं, असं होतं कधीकधी. दिवसभर मी पाट्या घासल्या. डांबर नखांत गेलं. संध्याकाळी शिडी घेऊन गेले तेव्हा शेडच्या दिव्यांना काळे कागद लावलेले होते, प्रकाश फक्त पायाशी पडायचा. दोन बोडकी इंजिनं शेजारी शेजारी, वर अंधारात. कुठलं कुठलं हे मी खाली बघून ठरवलं. ज्याच्याखालची राख ओली, ते अठरा. शिडी लावली, चार स्क्रू या बाजूला, चार त्या बाजूला. मग तेवीसला. घरी गेले. आणि घरी जाऊन पाय धुताना मला शंटिंगची शिट्टी आठवली. त्या दिवशी कधीतरी छोटं इंजिन आलं होतं आणि कसलीतरी जागा मोकळी करायला त्यानं ही दोन्ही बाहेर ओढून परत आत ढकलली होती. परत आत ढकलताना ज्याच्या त्याच्या रुळावर, की उलटी? इंजिन हलतं. ओली राख हलत नाही.

ही शिट्टी मी बासष्ट वर्षं ऐकतेय. कधी ती पाट्या लावायच्या आधी वाजते, कधी नंतर. कधी मला माझ्या हातातला जेवणाचा डबा दिसतो, म्हणजे जेवणाची सुट्टी, म्हणजे आधी. कधी वाटतं, शिट्टी वाजली तेव्हा मी शिडीवरून उतरून हात पुसत होते आणि एक म्हातारी सफाईवाली ओरडली होती, "ए पोरी, शिडी काढ, चिरडशील." म्हणजे नंतर, म्हणजे पाट्या बरोबर. पण ती म्हातारी रोजच ओरडायची. दुसऱ्या दिवशी फिटर आले, त्यांनी पाटी बघितली आणि पाटीप्रमाणे ठिगळाचा डबा, ठिगळाचं छत चढवलं. शेडमध्ये माणसं इंजिनाचा चेहरा बघत नाहीत, पाटी बघतात, कामाचा कागद पाटीच्या नंबरानं निघतो. अठराला ओळखणारी दोन माणसं मेली होती. तेवीसची माणसं दुसऱ्या शेडला पाठवली होती. अधिकारी आला, त्यानं टोपी काढली, सगळ्यांनी काढल्या. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगायला हवं. म्हणत होते की नव्हते? सतरा वर्षांची मुलगी मी आता बाहेरून बघते, ती फार गंभीर दिसते, पण कदाचित तिला नुसती भूक लागली असेल.

आणि त्याहून खालची एक गोष्ट आहे, तिथे मी सहसा जात नाही. शिडीवर चढायची वेळ आली तेव्हा मला भीती वाटली होती. अठराच्या आत बघावं लागेल याची. धुतलेलं असलं तरी. मी शिडी लावली, वर गेले, आणि आत बघितलं, आणि मला काही वाटलं नाही. साधं लोखंड. तेव्हा मला किती हलकं वाटलं ते अजून आठवतं, लख्ख. ते तेवीस होतं म्हणून काही वाटलं नाही का? की ते तेवीस आहे हे कुठेतरी कळूनच मी ओली राख बघून स्वतःची समजूत घातली? म्हणजे चूक झाली, की मी केली? लढाईनंतर पाच वर्षांनी, तेवीसची पाटी लावलेलं इंजिन शेडमागे कापलं. मी तेव्हा कचेरीत लागले होते, पण मुद्दाम जाऊन कुंपणाशी उभी राहिले. ठिणग्या उडत होत्या. घरी आले आणि पोटभर जेवले. वहिनी म्हणाली सुद्धा, "आज भूक आहे वाटतं." तेच जर दादाचं असलं तर मी त्याच्या मरणाच्या जागेचे तुकडे होताना बघून येऊन दोनदा वाढून घेतलं.

दुपार कलली. वहिनीनं हाक मारली. मी गेले तर म्हणाली, "अहो, काय चाललंय? मघापासून उशीवर बसल्या आहात. मला इथून आरशात दिसतं सगळं."

मी सांगितलं. सगळं एका दमात नाही, तुटक तुटक. दांड्यावरचे आकडे, कागद, समितीच्या बाई, मग पाट्या, घमेलं, राख. खालची गोष्टही सांगितली. सांगताना मी खिडकीच्या दांडीला धरून उभी होते. तिच्याकडे बघवेना. दर वर्षी त्या तारखेला मी हिला बागेत नेलं होतं. आधी चालत, मग काठीनं, मग चाकाच्या खुर्चीत. पायरीजवळचा जो उभा कठडा आहे, तो धरून दादा वर चढायचा. मी हिचा हात उचलून त्या कठड्यावर ठेवायचे. दर वर्षी.

वहिनी म्हणाली, "म्हणजे ते तेवीस असेल?"

"असेल. नसेलही."

"तेवीसवर कोणी मेलं होतं का?"

"नाही. मला ठाऊक आहे तेवढं, नाही."

"मग बरं झालं की!" तिनं सुस्कारा सोडला. "अंगावर काटा यायचा हो मला. त्या गार कठड्याला हात लावला की रात्रभर ऊब यायची नाही बोटांना. बासष्ट वर्षं! बरं झालं. नुसतंच लोखंड होतं म्हणायचं."

"मग येत कशाला होतीस?"

"तुम्ही न्यायचात म्हणून."

"मी तुझ्यासाठी न्यायचे, वहिनी."

"मला काय ठाऊक?" ती आता जरा चिडली. "तुम्ही घरात कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ते गेले तेव्हा नाही, नंतर नाही. तिथे गेलं की तेवढ्या रडायचात. मी म्हणायचे, जाऊ दे, वर्षातून एकदा रडू दे बाईला, माझी बोटं गारठली तर गारठली."

मी रडत नव्हते. मला स्वच्छ आठवतं, रडायची ती. मी तिच्या मागे उभी असायचे, तिची पाठ हलायची, मी तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. ती पाठ मला आत्ताही दिसते. पण पाठ दिसते. चेहरा दिसत नाही. मी मागे असताना ती रडत होती की नाही हे मी कशावरून ठरवलं? आणि खांद्यावर ठेवलेला हात जर माझा होता, तर हलत काय होतं, तिची पाठ की माझा हात? मी तिला विचारलं, "मी खरंच रडायचे?" ती म्हणाली, "पदर भिजायचा माझा, मागून." मग म्हणाली, "आता उभ्या काय राहिलात, बसा. पडाल नाहीतर, आणि मला उचलता यायचं नाही."

मी बसले. तिच्यासमोर, तिच्या शिवणाच्या जुन्या टेबलाशी. कागद आणून समोर ठेवला. "अठरा लिहिलं तर सगळं आहे तिथे राहील," मी म्हणाले. "चौथरा, नावं. कोणाचं काही बिघडत नाही."

"आणि तुम्हाला झोप लागेल?"

"आजवर लागलीच ना."

"कुठली लागतेय. भिंत पातळ आहे आपली."

"तेवीस लिहिलं तर नाव जाईल त्याचं. आणि तेही मला ठाऊक नाही, वहिनी. तेवीस तरी कशावरून? दांडे काय, बदलतातच."

"मग जे ठाऊक आहे ते लिहा."

मी पेन उघडलं. छापलेल्या वाक्याखाली मोकळी जागा होती तिथे लिहिलं, अक्षर जमेल तितकं सरळ ठेवून: 'अठरा आणि तेवीस या दोन्ही इंजिनांच्या पाट्या मी काढल्या आणि मी लावल्या. त्या अदलाबदल झाल्या असतील. माझा भाऊ अठरावर होता हे मला ठाऊक आहे. बागेतलं इंजिन कोणतं ते मला ठाऊक नाही. तेव्हाही ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नाही.' खाली सही केली. वहिनीनं वाचून दाखवायला सांगितलं, मी मोठ्यानं वाचलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं, समितीसमोर बसावं तसं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण यात त्यांचं नाव कुठाय?"

मी परत वाचलं. नाव नव्हतं. माझा भाऊ, एवढंच होतं. चौथरा निघाला आणि हा कागद कुठल्या फायलीत गेला, तर वाचणाऱ्याला एक बाई, दोन इंजिनं आणि कोणाचातरी भाऊ एवढंच कळेल. मी पेन पुन्हा उघडलं. खाली सहीपर्यंत कागद भरून गेला होता. वर छापलेल्या ओळीत तेवढी टिंबांची जागा रिकामी होती, क्रमांकासाठी ठेवलेली. मी दादाचं नाव तिथे लिहिलं, आडनावासकट. जागा दोन आकड्यांपुरती होती. नाव पुढच्या छापलेल्या शब्दांवर चढलं, ओळ संपली तरी पुरं झालं नाही, म्हणून कागद आडवा धरून शेवटची अक्षरं मी समासात उतरवली. वहिनी वाकून बघत होती. म्हणाली, "जरा ठसठशीत करा." मी परत एकदा गिरवलं.